५०५ गुण, ४७ हजार रँक: एमबीबीएसचा पसंतीक्रम लावायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीला नीट २०२५ मध्ये ५०५ गुण आहेत आणि ऑल इंडिया रँक ४७ हजारांच्या घरात आहे. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच, प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. क्लासवाल्यांनी ‘या मार्कांना मिळतील’ अशी बारा कॉलेजांची यादी हातात दिली आहे. मेहुणे म्हणतात, मुंबईचं केईएम, पुण्याचं बी.जे. अशी नावं टाकून वरचे नंबर वाया घालवू नका. आणि तुम्ही विचारताय, ५०५ ला नेमकी कोणती कॉलेजं भरायची?

यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. यादी कुठपर्यंत खाली न्यायची, हा एक. आणि यादीत कोणतं नाव कोणाच्या वर ठेवायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रँक आणि मागच्या वर्षीच्या याद्या देतात. दुसऱ्याचं उत्तर फक्त तुमची पसंती देते, तिथे रँकचा संबंध नाही. क्लासच्या यादीत आणि मेहुण्यांच्या सल्ल्यात नेमकी हीच गल्लत आहे, आणि हातात आलेल्या जागा बहुतेक वेळा याच गल्लतीपायी जातात.

आधी गुणांचं बोलू आणि ते बाजूला ठेवू. २०२४ च्या सुधारित निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते आणि ६०० च्या वर ८० हजारांहून जास्त विद्यार्थी होते. २०२५ चा पेपर इतका कठीण गेला की देशात पहिला आलेल्याला ६८६ गुण होते आणि ६०० च्या वर जेमतेम १,३०० विद्यार्थी. त्यामुळे ‘गेल्या वर्षी अमुक कॉलेज ६४० ला बंद झालं, आपल्याला ५०५ आहेत, म्हणजे संपलंच’ हे गणित मुळातच चुकीचं आहे. रँक मात्र बऱ्यापैकी टिकाऊ असते, कारण दोन्ही वर्षी परीक्षेला बसलेले बावीस-तेवीस लाखच होते. २०२४ ची ४७ हजार आणि २०२५ ची ४७ हजार यांची तुलना करता येते. गुणांची करता येत नाही. सारख्या गुणांवरही रँक वेगळी येते. आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे. तेव्हा यापुढे कुणी ‘किती मार्क?’ विचारलं की रँक सांगायची सवय लावून घ्या.

आता कोणत्या याद्या पाहायच्या? सीईटी सेल, म्हणजे राज्यातली प्रवेश प्रक्रिया चालवणारी यंत्रणा, प्रत्येक फेरीनंतर निवड यादी जाहीर करते. त्यात विद्यार्थ्याची ऑल इंडिया रँक, प्रवर्ग, कोणत्या कोट्यातून जागा मिळाली आणि कॉलेजचा कोड असतो. २०२४ ची पहिली आणि शेवटची फेरी उतरवून घ्या, त्यामागच्या वर्षांत जाऊ नका. २०२४ पासून राज्यात एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे मराठा समाज) दहा टक्के आरक्षण लागू झालं, त्यामुळे खुल्या जागांची संख्या बदलली. शिवाय त्याच वर्षी राज्यात दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली: मुंबईतलं जी. टी., नाशिक, अंबरनाथ, जालना, हिंगोली, अमरावती, वाशीम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोली. एकदम ९०० जागा वाढल्या. २०२३ ची यादी समोर ठेवून अंदाज बांधला तर तो विनाकारण निराशाजनक निघेल.

यादी एक्सेलमध्ये टाकून कॉलेजच्या कोडप्रमाणे लावा. प्रत्येक कॉलेजसमोर दोन आकडे लिहा: ओबीसी कोट्यातून तिथे जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याची रँक, पहिल्या फेरीतली आणि शेवटच्या फेरीतली. मुलगी असल्याने शासकीय जागांमधलं ३० टक्के महिला आरक्षणही लागू आहे, त्यामुळे मुलींच्या जागांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. तो सर्वसाधारण ओबीसी आकड्यापासून फार लांब नसतो, पण सीमेवरच्या रँकला तेवढ्याने फरक पडतो.

मग आपल्या रँकला त्या शेवटच्या रँकने भागा. मी ढोबळपणे असं धरतो: उत्तर ०.८ पेक्षा कमी आलं तर जागा बऱ्यापैकी पक्की, ०.८ ते १.१ च्या दरम्यान आलं तर काहीही होऊ शकतं, १.१ च्या वर गेलं की आशा शेवटच्या फेऱ्यांवर, आणि १.३ च्या पुढे ते स्वप्न. समजा एखाद्या कॉलेजात ओबीसीची शेवटची रँक ५२ हजार होती. ४७ भागिले ५२ म्हणजे ०.९. इथे ‘मिळणारच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हा हिशेब जागांची संख्या तीच राहील असं धरून आहे. नवं कॉलेज आलं किंवा एखाद्याच्या जागा कमी झाल्या तर आकडे सरकतात.

तुमच्या मुलीची रँक राज्यातल्या शासकीय ओबीसी यादीच्या अगदी शेपटाशी आहे. पहिल्या फेरीत नाव नाही आलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत येऊ शकतं, आणि नाहीही. म्हणून यादी तोकडी ठेवणं तुम्हाला परवडणारं नाही. बारा नावं भरून थांबलात तर तेराव्या कॉलेजातली जागा तुमच्या मागच्या रँकच्या मुलाला मिळेल, आणि ती का गेली हे तुम्हाला कळणारही नाही. राज्यातली सगळी शासकीय आणि महापालिकांची कॉलेजं यादीत हवीत, नंदुरबार-गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत. अपवाद एकच: जिथे मिळालं तरी जाणारच नाही असं घरात आधीच ठरलेलं कॉलेज.

आता क्रम. मेहुण्यांची भीती अशी की केईएम पहिलं टाकलं आणि ते मिळालं नाही तर तेवढ्यात खालचं कुणीतरी पटकावेल. तसं होत नाही. संगणक विद्यार्थ्यांना रँकप्रमाणे घेतो. मुलीची पाळी आली की तिची पहिली पसंती पाहतो: तिथे खुली जागा शिल्लक आहे का, नसेल तर ओबीसीची आहे का. नसेल तर दुसरी पसंती, मग तिसरी. तिच्या पूर्ण यादीचा निकाल लागल्यावरच तो तिच्या मागच्या रँककडे वळतो. म्हणजे तिने एखादं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं काय किंवा चाळिसाव्या, मागच्या रँकचा मुलगा ते तिच्याआधी घेऊ शकत नाही. वर टाकलेल्या स्वप्नांची किंमत शून्य आहे.

नुकसान होतं ते उलट केल्यावर. ‘हे नक्की मिळेल’ म्हणून एखादं कॉलेज वर ठेवलं आणि त्याच्याखाली तुम्हाला जास्त आवडणारं ठेवलं, तर यंत्रणा वरचं देऊन मोकळी होते, आणि खालचं रिकामं असलं तरी तिथे पोचतच नाही. क्लासच्या बारा नावांत मिळण्याची शक्यता जास्त असलेली वर आणि कमी असलेली खाली लावली आहेत का, ते तपासा. बहुधा तसंच असेल.

ओबीसी लिहिलं म्हणून खुली जागा हुकत नाही, हेही सांगून ठेवतो. खुल्या जागा सगळ्यांसाठी असतात, रँक बसली तर आधी खुलीच मिळते.

मग शासकीय कॉलेजांमध्ये आपसात क्रम कसा लावायचा? वरची नावं सगळ्यांना पाठ असतात: केईएम, जे. जे., सायन, नायर, बी. जे., नागपूरचं जीएमसी. तुमच्या रँकला खरा निर्णय त्यांच्यात नाही, तर मधल्या आणि नव्या कॉलेजांमध्ये घ्यायचा आहे, आणि लोक नेमकं तिथेच घरापासूनचं अंतर पाहून उरकतात. अंतर बघा, पण त्याआधी रुग्णालय बघा. एमबीबीएसच्या शेवटच्या दोन वर्षांत आणि इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी जे शिकतो ते रुग्णांकडून. अंबाजोगाई, मिरज, सोलापूर, यवतमाळ, धुळे, अकोला, नांदेड ही कॉलेजं जुनी आहेत आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून रुग्णांचा ओघ कायम असतो. नवं कॉलेज बहुधा जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं असतं. तिथे पहिली बॅच कोणत्या वर्षीची, वर्ग आणि रुग्णालय एकाच आवारात आहेत का, वसतिगृह बांधून झालंय की भाड्याच्या इमारतीत आहे, कोणत्या विषयांत पदव्युत्तर जागा आहेत, हे चार प्रश्न विचारा. पदव्युत्तर जागा असणं हे तिथे पुरेसे प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर असल्याचं लक्षण असतं. निवासी डॉक्टर नसलेल्या वॉर्डात विद्यार्थ्याला शिकवायला रात्री कुणी नसतं.

खाटांचा आकडाही पाहा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या निकषांप्रमाणे १०० जागांना किमान ४२० खाटा, १५० ला ६०५ आणि २५० ला ९०० खाटा लागतात. आकडा कागदावर पूर्ण असतोच. खरी गर्दी पाहायची तर सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात एक चक्कर मारा, किंवा तिथे शिकणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. पहिल्या वर्षाच्या मुलांना अजून वॉर्ड फारसा माहीत नसतो.

शासकीय जागेला बाँड आहे: एमबीबीएसनंतर एक वर्षाची शासकीय सेवा, नाहीतर दहा लाख रुपये दंड. हे ऐकून काही पालक शासकीयच्या वर खासगी ठेवतात. फीचा फरक पाहिला तर हा हिशेब जवळजवळ कधीच जुळत नाही.

अजून एक अफवा: ‘मराठवाड्यातली कॉलेजं मराठवाड्याच्याच मुलांना.’ तो ७०:३० चा प्रादेशिक नियम २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्यभर एकच गुणवत्ता यादी लागते.

शासकीय यादी संपली की खासगी. इथे क्रम लावायच्या आधी पैशांची रेघ ओढा. फी साडेचार वर्षांची लागते, इंटर्नशिपच्या वर्षाची नाही. वर्षाला नऊ लाख फी असेल तर साडेचार वर्षांची साडेचाळीस लाख होते, आणि वसतिगृह-खाणावळ साडेपाच वर्षं वेगळी. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. तीच धरा, एजंटने सांगितलेली नाही.

तुमच्या बाबतीत एक मोठी गोष्ट आहे आणि क्लासच्या यादीत तिचा पत्ताच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. यात खासगी विनाअनुदानित कॉलेजंही येतात. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही, आणि खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही नाही. म्हणजे ज्या खासगी कॉलेजांना तुम्ही ‘आपल्या ऐपतीबाहेर’ म्हणून हात लावला नसता, ती तुमच्या मुलीसाठी खरोखर आवाक्यात असू शकतात. पण माफी शिक्षण शुल्काची आहे. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, खाणावळ हे भरावंच लागतं, आणि ही रक्कम कॉलेजागणिक खूप बदलते. प्रवेशाआधी कॉलेजच्या कार्यालयात फोन करून ‘पात्र ओबीसी मुलीला पहिल्या दिवशी एकूण किती भरावे लागतात?’ असा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी वेळेत भरावा लागतो. पुढे उत्पन्न आठ लाखांच्या वर जाण्याची शक्यता असेल तर त्या वर्षांची फी स्वतः भरायची तयारी आहे का, याचाही विचार आत्ताच करा.

खासगी कॉलेजचा कोड भरताना तो साध्या राज्य कोट्याचा आहे याची खात्री करा. संस्थास्तर कोट्यातल्या जागेची फी कित्येक पट असते आणि माफीही जाते.

अखिल भारतीय कोट्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. शासकीय कॉलेजांतल्या १५ टक्के जागा दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. तिथे सर्वसाधारण आणि ओबीसी, दोन्ही जागा अलीकडे साधारण वीस-पंचवीस हजार रँकच्या पट्ट्यात संपतात. ४७ हजारांना तिथे शासकीय जागेची आशा धरू नका. ओबीसीला नोंदणी ५०० रुपये आणि परत मिळणारी अनामत ५,००० रुपये, त्यामुळे करून ठेवायची तर करा, पण केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागेल. राज्याचं तिथे चालत नाही. अभिमत विद्यापीठांची नोंदणी मात्र ‘बघू तरी’ म्हणून करू नका. तिथे नोंदणी ५,००० आणि अनामत दोन लाख आहे, आणि बहुतेकांची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा सोडली तर काही जात नाही, दुसऱ्या फेरीत मिळालेली सोडली की अनामत जप्त होते, आणि तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की तो सोडून राज्याच्या फेरीत येता येत नाही. दोन्हीकडे नाव असेल तर या तारखा कॅलेंडरवर शेजारी-शेजारी लिहा.

फेऱ्यांमध्ये सर्वात जास्त जागा जातात त्या ‘बेटरमेंट’मध्ये, म्हणजे हातातल्या जागेपेक्षा चांगल्या जागेसाठी थांबण्यात. पहिल्या फेरीत समजा तिला एक खासगी कॉलेज मिळालं आणि तुम्ही प्रवेश घेऊन पुढच्या फेरीसाठी थांबलात. पुढच्या फेरीत तिच्या यादीतलं काहीही मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते आणि त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी जाते. परत मागता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीच्या पसंतीक्रमात हातातल्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगलीच नावं ठेवा. जुनी यादी तशीच पुढे ढकलणं हा यातला सर्वात महागडा आळस आहे. समाधान झालं असेल तर कॉलेजात स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेली जागा कायम ठेवण्याचा, अर्ज भरून द्या. तो दिला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर जातं, म्हणून घाईने देऊ नका. पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेतल्यास पुढे काय, याचे राज्यातले नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. त्या प्रकरणाची दोन पानं छापून घ्या आणि घरातल्या दोघांनी वाचा.

बीडीएस (दंतवैद्यक) याच गटाच्या अर्जात येतं. खरंच करायचं असेल तर एमबीबीएसच्या सगळ्या नावांखाली टाका, नसेल तर टाकूच नका. आयुर्वेद आणि होमिओपॅथीचा गट वेगळा आहे, त्याने या यादीला धक्का लागत नाही.

कागदपत्रांत ओबीसीसाठी तीन गोष्टींवर गाडी अडते: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे २०२५ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमिलेअर. वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात धरली जाईल. मग वर काढलेले सगळे ओबीसीचे आकडे निरुपयोगी ठरतील आणि फी माफीचंही अडेल. समितीकडे अर्ज प्रलंबित असेल तर पसंतीक्रम लावण्याआधी आठवडाभर त्याच्या मागे लागा.

अर्ज भरताना नावावर जाऊ नका, कोड जुळवा. नागपुरात शासकीय कॉलेजं दोन आहेत, जीएमसी आणि इंदिरा गांधी. मुंबईत जे. जे.चं ग्रँट आणि नवं जी. टी. यांचीही गल्लत होते. एकाने कागदावरची यादी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने स्क्रीनवरचा कोड सांगावा. यादी शेवटच्या दिवशी दुपारच्या आत पक्की करून पीडीएफ जपून ठेवा. शेवटच्या दोन तासांत संकेतस्थळ रडतं, आणि तेव्हा अर्धवट जतन झालेली यादीच अंतिम ठरू शकते.